मोरचुदाची पानं

पान चुरगाळून ठेवलं की तपकिरी पडतं. ते काम करणाऱ्या प्रथिनात तांबं असतं. त्याची रचना शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. गंगापूर रोडवरच्या कॉलेजात शिकवायचं आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. त्यासाठी द्राक्षाची पानं लागायची. ती दादा, म्हणजे माझे वडील, दिंडोरीकडच्या आमच्या बागेतून एसटीने आणून द्यायचे. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, एकेक पान धुऊन पुसून लख्ख.

एका वर्षी तांबं जास्त निघालं. आजवर कुणी सांगितलं नव्हतं, असा एक अणू जादा! तीनदा मोजलं, तेवढंच. मी हवेतच होते. माझ्या मार्गदर्शक सरांनी पेपर पाठवायला लावला, तो स्वीकारलाही गेला. अख्खा प्रबंध आता त्या एका अणूवर उभा राहणार होता.

पेपर स्वीकारल्याचं पत्र आलं त्याच दिवशी दादा पानं घेऊन आले. मी दारातच ओरडले, "दादा, तांबं लय निघालं!"

दादा खुलले. "निघंल नाय तर काय! तुला तांबं पाहिजे म्हनून तुझ्या पानांच्या तेवढ्या दोन ओळींवर मोरचुदाचे फवारे जास्तीचे मारतोय मी. पोरीला कमी पडायला नको."

मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. म्हणजे माझा जादा अणू फवाऱ्यातून आला होता. संताप आला तो माझाच. मोरचूद कालवून निळे झालेले त्यांचे हात बघत वाढले मी, आणि फवारलंय का, एवढं विचारायचं सुचू नये? डोंबलाची शास्त्रज्ञ!

"बरं केलं दादा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी माझे आकडे पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाले, "पेपर मागे घ्या." पुढची दोन वर्षं सगळं पहिल्यापासून केलं. कॉलेजच्या आवारात कधीच न फवारलेला एक वेल होता, त्याची पानं घेतली. जादा अणू नव्हताच.

दादा मात्र पानं आणतच राहिले. मी ती हसून घ्यायचे आणि ते गेले की मागच्या खड्ड्यात टाकायचे.

प्रबंधाच्या आभारात मी लिहिलं, सगळी पानं वडिलांच्या बागेतली. दादांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मराठीत सांगितलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हितं हाय का?"

"हो, इथंच."

बराच वेळ त्यांनी बोट उचललं नाही. पेपर मी मागे घेतला होता. ही ओळ धडधडीत खोटी आहे, आणि ती मी मागे घेणार नाही.