घाटात सांडलेलं पाणी

देवाला मी मानत नव्हतो असं नाही. पण दुसऱ्याचा नवस फेडायला दिग्रसहून थेट समुद्रापर्यंत गाडी हाकायची, हे काही पटत नव्हतं. दुसऱ्याचा म्हणजे माझ्याच बाबांचा. मी दोन वर्षांचा असताना तापानं आचके देऊ लागलो, तेव्हा ते माहूरच्या रेणुकामातेला बोलले होते, "पोरगं वाचू दे, तुही पायरी समुद्राच्या पाण्यानं धुईन." समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. यंदा कापूस निघाला की जाऊ, असं दरसाल म्हणता म्हणता बिचारे स्वतःच गेले. माय मात्र विसरली नाही.

शेवटी या हिवाळ्यात कुरकुरत तिला घेऊन गेलो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तिनं पाच लिटरची कॅन आपल्या हातानं भरली, लाटेला नमस्कार केला. परतीच्या वाटेवर ती कॅन मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती. नारळ-पोफळी मागे पडल्या, आंबा घाटाची चढण लागली. एका अंगाला हिरवीकंच दरी, तिच्यात धुकं. माय काचेला नाक लावून म्हणाली, "पाह्य ना बाबू, ढग आपल्या खाली हायेत!" मी पाहिलं नाही. मला उजेडात कोल्हापूर गाठायचं होतं. सपाट वऱ्हाडात पंधरा वर्षं गाडी चालवल्याचा तोरा होता ना! चढणीला गाडी तापते, अधूनमधून काट्यावर नजर टाकावी, एवढंही सुचलं नाही.

एका वळणावर बॉनेटमधून भसाभस वाफ आली. गाडी कडेला घेतली. प्यायचं पाणी केव्हाच संपलं होतं. माय म्हणाली, "जरा दम धर. देवी पाठवते कोणाले तरी." माझं डोकंच फिरलं. "देवी काय गाडी ढकलाले येऊन राह्यली?" असं खेकसलो आणि वाफ ओसरताच तिच्या मांडीवरची कॅन ओढली. "थे नोको घेऊ, बाबू," एवढंच ती म्हणाली. मी सगळं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं, मग खाली वाकून पाहिलं. पाइप फाटला होता. बाबांचा नवस डांबरावरून वाहत चालला होता.

पाच मिनिटंही झाली नसतील, मासळीचा एक रिकामा टेम्पो येऊन थांबला. चालक उतरला, न सांगताच गाडीखाली डोकावला. "अहो दादा, आधी बघायचं, मग ओतायचं!" त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी पाइपाला घट्ट गुंडाळली आणि मला वळणापलीकडे नेलं. पन्नास पावलांवर झरा होता! मायनं त्याला भाकर-ठेचा दिला. तो कपाळाला लावून निघून गेला. त्याला कोणी पाठवलं यावर मी वाद घालत नाही. तो येतच होता, एवढंच मला अजून खुपतं. मी दम धरला असता, तर कॅन भरलेली राहिली असती.

तिसऱ्या दिवशी रिकामी कॅन घेऊन माहूरला गेलो. मी मागेच उभा राहिलो. कोणत्या तोंडानं पुढे जाणार? वाटलं, माय आता देवीजवळ माझं गाऱ्हाणं सांगेल. तिनं पायरीवर डोकं टेकवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "माय वो, पाणी आणलं होतं. वाटेत पोरावरून ओवाळून टाकलं. ज्याच्यासाठी बोललो होतो, थो हा पाह्य, धडधाकट उभा हाय."

मी चाळिशीचा बाप्या, भर गर्दीत हमसून रडलो. म्हटलं, "माय, पुन्हा जाऊ. पुन्हा आणू." तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

"नोको," ती म्हणाली. "पोचलं थे."