दुसऱ्याच्या हाताची धार

आमच्या घरात सुऱ्यांना आणि विळीला धार लावायचं काम लग्नापासून ह्यांचंच. हे कारखान्यात हत्यारांना धार लावायच्या मशीनवर होते. घरी मात्र दगडच. रविवारी सकाळी मोरीपाशी पाट घेऊन बसायचे. ओल्या फडक्यावर दगड, शेजारी पाण्याचा तांब्या. आधी खरबरीत बाजू, मग गुळगुळीत. सुरी किती तिरपी धरायची? खाली काडेपेटीतली काडी जाईल एवढीच. मग पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचे. घसरलं तर धार नाही, अडकलं तर आली.

कैरीच्या दिवसांत बिल्डिंगमधल्या बायका विळ्या घेऊन यायच्या. हे म्हणायचे, "वहिनी, ह्या विळीनं भाजी चिरता की नुसती दटावता?" बायका हसायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायच्या. मी आत चहा टाकायची. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, पण ह्यांचं कौतुक दाराआडून ऐकायला आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. गोळ्या सुरू झाल्या. मी कपात चहा अर्धाच ओतू लागले. तरी रविवारी दगड निघायचाच. एकदा बोट कापलं, दोन टाके पडले. तेव्हा म्हणाले, "एवढी वर्षं मशीनवर काढली, साधा ओरखडा नाही आला." आता तुम्ही धार लावू नका, एवढं एक वाक्य. ते मला बोलता येईना.

एका गुरुवारी हे दाढी करायला गेले होते. खाली धारवाल्याची सायकल आली. मी दोन्ही सुऱ्या पदराखाली घेऊन उतरले, धार लावून आणल्या आणि धुऊन जागेवर ठेवल्या. वाटलं, धार आहेच म्हटल्यावर हे दगड काढणार नाहीत.

रविवारी ह्यांनी पाट मांडला. सुरी नखावर टेकवली, मग खिडकीशी नेऊन बघितली.

"ही कोणी लावली?"

मी तांदूळ धूत राहिले.

"अगं, तुलाच विचारतोय."

"सायकलवाला आला होता."

"पातं तापवलंय त्यानं. टोकाला निळं पडलंय बघ, तिथं धार टिकायची नाही."

वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. हे म्हणाले, "पण बरी लावलीय. चालेल." मग दगड पुसला, फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिला. "माळ्यावर ठेव."

पुढचे तीन रविवार हे पेपर घेऊन बसले. पान उलटल्याचा आवाज येईना. चौथ्या रविवारी हे आंघोळीला गेल्यावर मी गॅलरीत सुरी फरशीवर घासघासून बोथट केली. हे बाहेर आल्यावर म्हटलं, "अहो, टोमॅटोसुद्धा कापत नाहीये. जरा बघता का?"

ह्यांनी सुरी हातात घेतली. पात्यावर आडवेतिडवे ओरखडे होते. उभा जन्म हेच बघण्यात गेलेला माणूस. माझ्याकडे न बघता म्हणाले, "फरशीवर घासलीस?"

मी टोमॅटो परत टोपलीत ठेवला.

"असं नको करूस गं," एवढंच म्हणाले आणि सुरी ओट्यावर ठेवली. "तो सायकलवाला आला की दे त्याला."

मी त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या हातावर हात ठेवून सुरी धरली असती, तर दोघांना मिळून धार लावता आली असती. हे मला फार उशिरा सुचलं. परवा धीर करून तसं म्हटलंही. हे म्हणाले, "राहू दे. तुझंही बोट जाईल." आणि भिंतीकडे तोंड करून पडले.