ओंबीकाकांचं अर्धं वाक्य

पान खुडण्याआधी झाडाची माफी मागणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे ओंबीकाका. नल्लकुंट्यातल्या घराच्या गच्चीवर कुंड्यांत गहू लावायचे आणि ओंबीखालचं शेवटचं पान कापताना पुटपुटायचे, "माफ कर गं बाई." नोकरी पीकसंशोधनातली, निवृत्तीनंतरही खोड गेली नाही.

गव्हाचा दाणा भरतं कोण, हा त्यांचा जन्माचा प्रश्न. "पान एकटंच रांधतं असं समजू नकोस. हिरवी ओंबी, तिची कुसळंसुद्धा उन्हात आपलं अन्न करतात," ते सांगायचे. माझं विज्ञान नववीतच सुकलेलं. भजी संपेपर्यंत मी मान हलवायचो. काही ओंब्यांना ते चांदीचा कागद गुंडाळायचे, ऊन लागू नये म्हणून. काकू म्हणायच्या, "गव्हाला शेरवानी, अन् मला जुनीच साडी!"

त्यांचं एक वाक्य मात्र घरात म्हणीसारखं चालायचं: "पान खुडलं तरी ओंबी भरते." सुगीत ते शेतावर, आणि नेमक्या तेव्हाच त्यांच्या लेकीच्या, वसुधाच्या, परीक्षा, गॅदरिंग, एकदा तर टायफॉइड. परतले की तिच्या डोक्यावर हात ठेवून हेच म्हणायचे. ती भरलीही, पुण्यात डॉक्टर झाली. मीही ते वाक्य माझ्या मुलींसाठी उचललं. गैरहजर बापाला इतकं शास्त्रीय कारण दुसरीकडे कुठे मिळणार?

गेल्या हिवाळ्यात काका फार खंगले, म्हणून वसुधा आली. गच्चीवर त्यांनी तिच्या हातात दोन ओंब्या दिल्या, त्यातली एक पान खुडलेली. मी त्यांची खुर्ची धरून उभा. तिने दोन्ही चोळल्या, फुंकर मारली.

"भरलीय, बाबा. पण दाणा बारीक आहे."

"हौ. बारीकच राहतो. दर वर्षी."

"मग मला अर्धंच का सांगत आलात?"

काका कुंडीकडे बघत राहिले. "तू विश्वास ठेवायचीस ना."

वसुधा ते बारीक दाणे तोंडात टाकून बराच वेळ चावत राहिली. मग त्यांची शाल सारखी केली.

उन्हाळ्यात काका गेले.

परवा हिमायतनगरला माझ्या धाकटीचा नाच होता. ऑफिसात काम निघालं. फोन लावला, "अगं, पान खुडलं तरी..." आणि तो बारीक दाणा आठवला.

"तरी काय, पप्पा?"

"काही नाही. निघालोच."

पोचलो तेव्हा नाच संपला होता.

"परेशान नक्को होऊ पप्पा, मस्त झाला," म्हणत ती एकटीच घुंगरू सोडायला बसली. मी खाली बसलो आणि दुसऱ्या पायाचे सोडू लागलो.