जपानी सुरा

नगरला कॅम्पाजवळ आमी खोली घेतली, तवा शेजारच्या खोलीत एक म्हातारा एकटाच ऱ्हायचा. लष्करात आचारी हुता म्हने, लढाईवरनं येताना भाजी कापायचा जपानी सुरा घेऊन आल्ता. रोज सकाळी ओट्यावर बसून तो सुरा दगडावर घासायचा. चार थेंब पानी टाकायचा, अंगठ्यानं पातं हळूहळू चोळायचा, उन्हाला धरून बघायचा, पुन्हा घासायचा. मला लई भ्या वाटायचं. बाळाचे वडील कामाला गेले की मी दाराला आतनं कडी लावायची.

एक दिवस बाळाच्या मनगटाचा काळा दोरा भिजून आवळला. हात सुजला, बोटं निळी पडली, गाठ सुटंना, इळीनं कापावं तर दोरा कातडीत रुतलेला, मग मी बाळाला घेऊन तशीच त्याच्यापुढं जाऊन हुबी ऱ्हायले.

"मामा, तेवढा दोरा कापा. पन त्याला लागू देऊ नका."

"तू तिकडं बघ," तो म्हनला.

मी पात्याकडंच बघत ऱ्हायले. पान्यासारखं चमकत हुतं ते, त्यात बाळाचं तोंड दिसत हुतं. त्यानं ते गाठीला नुसतं टेकवलं अन् दोरा गळून पडला. बाळ रडलंबी न्हाई, म्हाताऱ्याच्या मिशा बघत बसलं.

"एवढी धार कशाला वो ठेवता?" मी इचारलं.

"बोथट असता तर दाबावं लागलं असतं," तो म्हनला, अन् परत घासायला बसला.

बाळाची बोटं लाल झाली. तवापासनं तो घासायला बसला की मी दार उघडंच ठेवायची.