दोन्ही डावीच

माझी धाकटी जाऊ माझ्याच शाळेत शिकवायला आली, तेव्हाच मी कपाळाला हात लावला. घरात होतीच, आता शाळेतही! त्यात माझी लेक नेमकी हिच्या वर्गात. घरी येऊन दप्तर टाकलं की सुरू, "काकू असं म्हणाली, काकूनं तसं केलं." आपली आईही विज्ञानच शिकवते, हे कार्टीच्या गावीही नाही.

सांगाड्याचा धडा मी तक्त्यावर शिकवते. हाडावर पट्टी ठेवायची, नाव सांगायचं, मुलांनी मागून म्हणायचं. काकूबाईंची तऱ्हाच वेगळी. तिनं पोरांना सांगितलं, घरी मटण आणाल तेव्हा खाटकाकडून एक हाड न तोडता मागून घ्या. उकळा, घासा, उन्हात वाळवा नि घेऊन या. मग तार नि पक्कड घेऊन पोरं महिनाभर बकरी जोडत बसली. "आधी आपला खांदा चाचपा, मग तिचा शोधा," ही म्हणायची, आणि अख्खा वर्ग स्वतःला चाचपायचा. शेजारच्या वर्गात मी तक्त्यापुढे उभी, नि माझी पोरं त्या हसण्याकडे कान लावून. असा जळफळाट व्हायचा म्हणून सांगू!

बकरी एकदाची उभी राहिली. मुख्याध्यापक बघायला आले, मीही गेले. एक फेरी मारली आणि मला घबाडच सापडलं. खांद्याच्या पात्यावर एक उभी धार असते, ती बाहेरून दिसायला हवी. उजव्या बाजूची आत बरगड्यांकडे वळली होती. दोन घरांतून दोन पाती आलेली, आणि दोन्ही डावीच!

"सर," मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "या बकरीला उजवा खांदाच नाही."

जाऊ वाकून बघायला लागली. "अगं बाई, खरंच की! ताई, माझ्या लक्षातच नाही आलं हो." तिचा चेहरा पडला. मला काय बरं वाटलं!

पक्कड घेऊन पुढे आली ती माझीच लेक. उजवीकडचं पातं तिनं आणलेलं. तार सोडवता सोडवता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी आईला विचारलं होतं, हे डावं की उजवं. ती म्हणाली, जा, तुझ्या काकूलाच विचार."

पातं सुटलं. मी हात पुढे केला. तिनं ते काकूच्या हातात दिलं.