तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची

दोरकाका नाट्यगृहाचा पडदा पाडायचे. चौतीस वर्षं तेच काम, त्यामुळे खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. "पडदा पाडायला लागतं काय?" असं कोणी म्हटलं, की ते म्हणत, "कान." विनोदी खेळात हशा चालू असताना पडदा टाकला, तर नटाच्या तोंडचा घास काढल्यासारखं होतं, उशीर केला, तर बिचारा नट खांबासारखा उभा राहतो. मधला नेमका क्षण काकांना कसा सापडतो, हे कुणालाच उमगत नसे.

तो क्षण त्यांना काकू कळवत. प्रत्येक विनोदी खेळाला त्या तिसऱ्या रांगेत कडेला बसत. विनोद त्यांच्या डोक्यात जरा उशिराच शिरे. सगळे हसून थकले, की एक बारीक, खुदखुदणारं हसू मागाहून येई. ते ऐकलं की काका दोर सोडत.

"तुझी ट्यूब पेटली की माझा पडदा पडतो," ते चिडवत.

"मग टाळ्यांतला निम्मा वाटा माझा," काकू म्हणत.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. नंतरच्या तीन खेळांत पडदा उशिरा पडला. व्यवस्थापक म्हणाले, "दोरकाका, कान तपासून घ्या." काका "बरं" म्हणाले. कान ठणठणीत होते, हे कुणाला सांगणार?

शहराला दीडशे वर्षं झाली, त्या सोहळ्यात गावातल्या विनोदवीरांची संध्याकाळ ठरली. शेवटी एक यंत्रहात कॅमेऱ्यातून प्रेक्षकांना बघून त्यांची चित्रं काढणार होता. दुसऱ्या दिवसापासून पडद्याला मोटर बसायची होती. म्हणजे हा काकांचा शेवटचा पडदा. तो तरी वेळेवर पडावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. दुपारीच त्यांनी कडेच्या खुर्चीवर काकूंची शाल ठेवली. तिकीटवाल्याने पाहिलं आणि ती खुर्ची विकली नाही.

खेळ रंगला. अखेरीस यंत्रहात सरसावला आणि मोठ्या कागदावर तिसरी रांग उमटू लागली. सूत्रधार एकेका चेहऱ्यावर कोटी करत होता. "हे साहेब घरी हसत नाहीत, म्हणून इथे वसुली चाललीय." हशा. हात कडेला पोचला आणि थबकला. चेहरा सापडेना. मग त्याने नुसती खुर्ची काढली, शालीची घडीसुद्धा.

"ह्या बाई विनोद न कळल्यामुळे उठून गेल्या," सूत्रधार म्हणाला.

सभागृह दणाणलं. एवढा हशा त्या संध्याकाळी आधी झाला नव्हता. मग तो ओसरला, पार विरला. सूत्रधार वाकून नमस्कार करून उभा राहिला. काकांच्या हातात दोर होता आणि ते ऐकत होते. कडेकडून काहीच आलं नाही. कुणीतरी खोकलं.

"काका, आम्हाला घरी जायचंय हो," सूत्रधार विंगेकडे बघून म्हणाला. लोकांना तोही विनोद वाटला. दुसऱ्यांदा हशा पिकला आणि त्या हशातच काकांनी दोर सोडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हसत्या माणसांवर पडदा टाकला.

व्यवस्थापक आले, पण काकांचा चेहरा बघून नुसता खांद्यावर हात ठेवून गेले.

काका यंत्राजवळ गेले. यंत्रवाल्या बाई तारा गुंडाळत होत्या.

"हा कागद मला मिळेल का?"

"घ्या की. पण थांबा, त्या रिकाम्या खुर्चीत तुमचं चित्र काढून देते. पाच मिनिटं लागतील."

काकांनी कागदाकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "ती जागा माझी नाही."

मग तिसऱ्या रांगेपाशी जाऊन त्यांनी शाल उचलली, कागदाची सुरळी तिच्यात गुंडाळली आणि क्षणभर शेजारच्या खुर्चीत बसले.