तळहाताखालचं पत्र

जुन्या बाजारात दुर्मिळ तिकिटं विकणारे एक काका बसतात. परवा त्यांनी मला रद्दीत सापडलेलं संस्थानी काळातलं पोस्टकार्ड दाखवलं. तिकीट दाखवताना शेजारचा मजकूर मात्र तळहाताने झाकून धरला.

"काका, हात काढा की, वाचू द्या," मी म्हणाले.

"घेतलंत की तुमच्या घरचं, ताई. तोवर ते दुसऱ्याचं पत्र आहे."

लिहिणारा गेला, ज्याला लिहिलं तोही गेला असेल. तरी त्या दोघांचं बोलणं हा माणूस भर बाजारात जपत होता. मला तर बसमध्ये शेजारच्याच्या फोनमध्ये डोकावल्याशिवाय राहवत नाही.

कार्ड घेतलं. परतताना बसमध्ये वाचायला काढलं, तशी शेजारची बाई वाकून बघू लागली. माझा तळहात आपोआप मजकुरावर गेला.